रुमालातून सुटलेली सही

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसने तिथल्या कृष्णवर्णीयांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. ती बातमी वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना छोटेखानी पत्र लिहिले. आपली भेट झालेली नाही, पण नाव ऐकून आहे. अमेरिकेतल्या निग्रोंची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती पुष्कळ सारखी आहे. अस्पृश्यही हाच मार्ग धरण्याच्या विचारात आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळाव्यात, असा त्याचा मतलब. डू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर धाडले. सोबत मागितलेला कागद जोडला आणि अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती असल्याचे कळवले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती, पण त्या अर्पणपत्रिकेला पोच येण्याचा प्रश्न नव्हता. इथे पत्र गेले आणि उत्तर आले. मराठी माणसाच्या इतिहासात अमेरिकन थोर पुरुषाच्या सहीचे मोल काय, असा प्रश्न विचारायचा तर तो या टपालापासून विचारावा.

बाबासाहेबांचे ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात आहे. डू बॉइस यांच्या पश्चात १९७३ मध्ये विद्यापीठाने त्यांचे सगळे दप्तर घेतले, त्यात ते गेले. डू बॉइस आलेले पत्र ठेवत आणि आपल्या उत्तराची प्रतही ठेवत, म्हणून दोन्ही कागद एका ठिकाणी वाचता येतात. सूचीत बाबासाहेबांच्या पत्रापुढे ‘अंदाजे जुलै १९४६’ असे लिहिलेले आहे. हा अंदाज सहीवरून बांधता येत नाही. जूनमधली ती कैफियत आणि ३१ जुलैचे उत्तर या दोन खुंट्यांच्या मध्ये पत्र बसते. उत्तराची प्रत नाहीशी झाली असती तर बाबासाहेबांची सही तेवढीच खरी राहिली असती, पण हे पत्र नेमके केव्हाचे आणि त्याचे पुढे काय झाले, हे सांगणारे जवळ कोणी उरले नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की जुन्या सहीच्या कागदाचे मोल त्याच्या सोबत्यांवर ठरते आणि सह्या जमवण्याचा छंद नेमका त्या सोबत्यांच्या मुळावर येतो.

सही केलेले पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही. ते दुसऱ्याच्या घरी जाते. ही साधी गोष्ट विसरली जाते आणि मग अमुक नेत्याच्या वाड्यात त्याचीच पत्रे कशी नाहीत, याचे आश्चर्य केले जाते. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मागणारे जे पत्र लिहिले, ते फिलाडेल्फियात आहे, कारण ज्या कॉलेजकडे प्रवेश मागितला ते तिथे होते. रोझेलच्या कार्पेंटरबाईंना त्यांनी लिहिलेली पत्रे अमेरिकेत राहिली, म्हणून कॅरोलिन डॉल यांना १८८८ मध्ये त्यांचे चरित्र लिहिता आले. उलट दिशेनेही तेच. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारातून पुण्याला लिहीत. हैदराबादच्या मसलतींची ती पत्रे मिळाली ती पुण्याच्या बाजूला. एका माणसाचा इतिहास त्याच्या पत्र घेणाऱ्यांच्या घरी विखुरलेला असतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना गावोगाव, वाड्या-वाड्यांतून फिरावे लागले त्याचे हेही एक कारण.

आता अमेरिकेत हा छंद कसा वाढला ते पाहू. जॉर्ज वॉशिंग्टनच्या आप्तांकडे शिकवणीला असलेला तरुण विल्यम स्प्रेग पुढे आल्बनीचा नामांकित पाद्री झाला. वॉशिंग्टनचे कागद तेव्हा त्याचा पुतण्या न्यायाधीश बुशरॉड वॉशिंग्टन याच्या ताब्यात होते. हवी ती पत्रे घ्या, फक्त जागी नक्कल ठेवा, अशी परवानगी त्याने स्प्रेगला दिली आणि स्प्रेगने दीड हजारांच्या आसपास पत्रे उचलली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या छप्पन्न जणांच्या सह्यांचा संच पुरा करणारा पहिला संग्राहक म्हणून त्याचे नाव घेतात. त्या छप्पन्नांत बटन ग्विनेट हा जॉर्जियाचा प्रतिनिधी सही केल्यानंतर वर्षाच्या आत द्वंद्वयुद्धात मेला, म्हणून त्याची सही सगळ्यांत दुर्मिळ आणि महाग. त्याच्या उरलेल्या सह्या बहुतेक व्यवहाराच्या कागदांवरच्या आहेत. त्या कागदांत काय लिहिले आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटेल. याहून वाईट गोष्ट जॅरेड स्पार्क्सची. हा साधासुधा हौशी माणूस नव्हता; वॉशिंग्टनच्या लेखनाचा संपादक, पुढे हार्वर्डचा अध्यक्ष. वॉशिंग्टनच्या हातची, पहिल्या शपथविधीसाठी लिहिलेल्या पण न केलेल्या भाषणाची नक्कल त्याच्या हाती आली. हे भाषण वॉशिंग्टनने केलेच नाही, तेव्हा ते निरुपयोगी, असे ठरवून स्पार्क्सने पाने कातरली आणि हस्ताक्षर मागणाऱ्या मित्रमंडळींना तुकडे वाटले. आज अभ्यासक ते तुकडे शोधून एकमेकांना जोडत बसले आहेत. वॉशिंग्टनचे अक्षर घरोघर पोहोचले. वॉशिंग्टन काय म्हणणार होता ते मात्र पुरते हाती येत नाही.

आपल्याकडे हा रोग उशिरा आला, आणि त्यात आपला शहाणपणा फारसा नव्हता. मराठी कारभारात कागदाचा जोर सहीवर नव्हताच. चिटणीस किंवा कारकून मजकूर लिही, वर शिक्का आणि शेवटी मोर्तब होई. मोर्तब म्हणजे इथे लेखन संपले, याखाली कोणी घुसडलेले खरे मानू नये. धन्याने फार तर शेवटच्या ओळीत आपल्या हाताने दोन शब्द घातलेले असत. गावच्या महजरावर पाटलाची निशाणी नांगर, तर कुलकर्ण्याची लेखणी. तिथे साक्ष व्यक्तीची नसून वतनाची होती. अशा कागदातून ‘सुंदर सही’ कापून चौकटीत लावायची म्हटले तरी काय लावणार? स्वाक्षरीची वही घेऊन व्याख्यानानंतर व्यासपीठापाशी गर्दी करणे ही विसाव्या शतकातली रीत. गांधीजींनी तिच्यातूनही काम काढले: सहीचे पाच रुपये, तेही हरिजन फंडाला. अशी सही मुळातच एकटी असते. तिच्यामागे पत्रव्यवहार नसतो आणि ती कुठल्या गठ्ठ्यातून तोडलेलीही नसते, तेव्हा तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण सही नसल्यामुळे मराठी कागद सोबत्यांवर अधिकच अवलंबून आहे. मोडीतले एखादे पत्र घ्या. तारखेच्या जागी ‘छ’ आणि पुढे चंद्राचा दिवस व मुसलमानी महिना. कित्येकदा सालाचा पत्ताच नसतो. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला साल ठाऊक होते, मग शाई कशाला खर्चायची? पत्र पोचले की घेणाऱ्याचा कारकून कागदाच्या पाठीवर किंवा कोपऱ्यात पैवस्तीची तारीख टाकी. ते पत्र ज्या रुमालात बांधले गेले त्यात आगेमागे त्याच मोहिमेची, त्याच तंट्याची पत्रे असत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० पासून पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. साल नसलेली पत्रे त्यांनी ओळीने लावली ती आजूबाजूच्या पत्रांतले उल्लेख ताडून. त्यांची काही साले पुढच्यांनी दुरुस्त केली, तीही आणखी शेजारी सापडल्यामुळेच. एकेक पत्र सुटे मिळाले असते तर पानिपतच्या मोहिमेऐवजी नुसत्या निरोपांचा ढीग हाती आला असता.

मराठवाड्याला हे अधिक लागू पडते. हा भाग निजामाच्या मुलखात, म्हणजे पुणेकरांच्या बोलीतल्या मोगलाईत. इथल्या देशमुख-देशपांड्यांच्या घरचे कागद एका भाषेचे नाहीत: शिक्का फारसी, मजकूर मोडी, पुढच्या पिढीचे कागद उर्दू, साल फसली. गावच्या वतनाचा दावा गावात, त्याची तपासणी हैदराबादच्या दफ्तरात आणि त्याच मुलखातल्या चौथाईचा हिशेब पुण्यात. तिन्हीकडचे कागद एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा कुठे एक गोष्ट पुरी होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, १३५८ फसलीच्या विनियमाने जहागिरी गेल्या, १९५४ च्या कायद्याने इनामे गेली. ज्या कागदाच्या जोरावर शेत आणि मान टिकत होता, तो एका पिढीत निकामी झाला. कोर्टात चालत नाही, पोरांना मोडी वाचता येत नाही, माळवदाला ओल येते. मग रद्दीवाला, चूल किंवा जुन्या चिजांचा दलाल. यांतला दलाल निवडक वागतो. फारसी शिक्क्याचा देखणा कागद घेतो आणि उरलेला रुमाल तिथेच सोडतो.

यावर संग्राहकाची बाजू जोरकस आहे आणि ती डावलून चालणार नाही. छंदी माणसाने पैसे मोजले नसते तर हा कागद चुलीत गेला असता, असे तो म्हणेल, आणि पुष्कळदा ते खरेच असते. सातारचे द. ब. पारसनीस संशोधक होते तितकेच हौशी संग्राहक होते. चित्रे, कागद, जुनी पुस्तके जे मिळेल ते त्यांनी जमवले. वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणिसांचे कागद त्यांच्या हाती आले. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला आणि आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. मग पारसनीस आणि स्प्रेग यांत फरक काय? स्प्रेगनेही नक्कल ठेवलीच होती की! फरक असा की पारसनिसांनी ‘इतिहाससंग्रह’ काढून हाती आलेले छापले आणि संग्रह एकत्र राहिला. स्प्रेगला पत्र हवे होते ते वॉशिंग्टनच्या हातचे म्हणून. मजकूर त्याच्या दृष्टीने नकलेतही चालण्यासारखा होता. चुलीतून वाचवले हे श्रेय द्यायलाच हवे, पण दलालाने एक कागद उचलल्यावर उरलेला रुमाल चुलीतच जातो, हेही त्याच खात्यात मांडावे लागेल.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. नक्कल कोणीही करील, सही मात्र त्या माणसाची खूण आहे, असे म्हणतात. बाजाराचाच अनुभव याच्या उलट आहे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट स्प्रिंगने वॉशिंग्टनच्या सहीचे परवाने आणि धनादेश बनवून विकले. पुढे जोसेफ कोझीने लिंकनचे अक्षर इतके साधले की त्याच्या बनावट कागदांनाही आज गिऱ्हाईक आहे. लबाडाला सुटी सही सोयीची, कारण तिला शेजारी साक्षीदार नसतो. आपल्याकडे बनावट सनदांची वानवा नव्हती. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी इनाम कमिशन बसवले तेव्हा वतनदाराने पुढे केलेली सनद नुसता शिक्का पाहून मान्य होत नसे. पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ती ताडून पाहत. त्या कमिशनने रयतेला आणि इनामदारांना छळले हा भाग वेगळा, पण कागद कसा पारखावा हे त्याला नीट कळले होते.

राहतो तो मालकाचा हक्क. अडचणीतल्या घराने आजोबांचे पत्र विकले तर इतिहासाच्या नावाने त्याला दोष देणारे आपण कोण? हे मला मान्य आहे. पण विकायचेच तर सगळे एकत्र विकण्याचा मार्ग असतो आणि तो तोट्याचाच असतो असे नाही. गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हरमान कालेनबाख यांच्या संबंधातले कागद २०१२ मध्ये सदबीजच्या लिलावात निघणार होते. भारत सरकारने लिलावाआधीच व्यवहार करून तो संग्रह अखंड घेतला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवला. तिथे गांधीजींच्या सहीइतकीच त्यांच्या घरातल्या इतरांची साधी पत्रेही कामाची ठरतात. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा पंचाहत्तर वर्षांवरच्या हस्तलिखितांना आणि ऐतिहासिक मोलाच्या कागदांना परदेशी जाण्यापासून अडवतो. पण कागद देशातच राहिला आणि रुमाल मात्र सहा घरांत वाटला गेला, तर झालेले नुकसान त्या कायद्याच्या नजरेत येत नाही. त्याची राखण घरातल्या माणसालाच करावी लागते, आणि ती फार खर्चाची नाही. रुमाल सोडण्याआधी वरपासून खालपर्यंत कागदांना शिसपेन्सिलीने हलके क्रमांक द्यावेत, मग त्याच क्रमाने मोबाइलवर प्रत्येकाचे फोटो घ्यावेत. कोरी दिसणारी पाठही सोडू नये, कारण पैवस्तीची नोंद पुष्कळदा तिथेच असते. मोडी वाचणारा आज मिळाला नाही तरी हरकत नाही. तो आल्यावर आधी त्याला साल लावावे लागेल आणि ते तो देखण्या शिक्क्यावरून न लावता त्या पाठीवरून आणि मागच्यापुढच्या क्रमांकांच्या कागदांवरून लावील.