दक्ष पित्याची मोजपट्टी

इंग्लंडमधील एका शाळेत निष्काळजीपणे ठेवलेल्या फॉस्फरसने विद्यार्थी भाजला. १८९३ साली ‘विल्यम्स विरुद्ध ईडी’ या खटल्यात न्यायालयाने दंडक घातला, की शिक्षकाने विद्यार्थ्यांची काळजी दक्ष पित्याप्रमाणे घ्यावी. परंतु हा पिता कोणत्या मुलाचा? व्यवहारात तो धडधाकट, हाकेसरशी वळणाऱ्या मुलाचाच मानला गेला.

या समजुतीला छेद देणारा विचार शाळेबाहेरच्या एका खटल्यात आढळतो. १९५६ साली लंडनच्या पदपथावर खणलेल्या चरापाशी आडवा ठेवलेला हातोडा डोळसांना पुरेसा इशारा होता. अंध हेली यांच्या काठीला तो लागलाच नाही. ते पडले आणि त्यांची श्रवणशक्तीही गेली. रस्त्याने अंधही चालतात, हे गृहीत धरायलाच हवे, असा निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९६४ साली दिला.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने अपंग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या कायद्याने शाळेची इमारत व आवार त्यांना सुगम असावे, वाहतुकीची सोय व्हावी, अशी तरतूद केली. तरीही अपघातानंतर ‘इतर मुले तर सुखरूप आहेत’ हा बचाव शाळेला सुचतोच. दक्ष पिता असे म्हणणार नाही. आपले मूल कोणते, हे त्याला ठाऊक असते.