तळटीप १४ : पुपुसा

१४. पुपुसा : मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरची सारण भरलेली जाडसर मक्याची भाकरी. आत चीज, घोटलेला राजमा किंवा डुकराचं मांस. वर आंबवलेला कोबी. खायची हातानं. २००५ साली तिथे तिला राष्ट्रीय पदार्थाचा मान मिळाला. लेखक ‘पुरणपोळीची बहीण’ म्हणतात, ते फसवं आहे. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, म्हणून पिठाला चिकटपणा येतो. आपल्या मक्याच्या पिठात तो नसतो. दापोडीत एका भाकरीवाल्या मावशींकडून प्रस्तुत संपादकानं हट्टानं करून घेतली, तर कडा फाटून सारण तव्यावर! (मावशी हसल्या, पैसे घेतले नाहीत.) घरी करणाऱ्यांनी पिठाची आधी उकड काढावी.