चव्वेचाळीस टनांचें इंजिन

यंत्राचें वजन यंत्रज्ञ ठरवितो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रूळ किती भार सोसतील, चाकांची पकड किती हवी, याचा हिशेब करून तो आंकडा मांडतो. परंतु अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९४० सालीं यार्डांतील कामाकरितां जें एक लहानसें डिझेल इंजिन बाजारांत आणलें, त्याचें वजन ठरविलें तें एका करारानें. आणि तो करार झाला होता कामगारांशीं.

वाफेच्या इंजिनावर दोन माणसांवांचून चालत नसे. ड्रायव्हर इंजिन हांकी. फायरमन कोळसा टाकी, बॉयलरांतील पाण्याची पातळी राखी आणि आपल्या बाजूचे सिग्नल ड्रायव्हरास सांगे, कारण पुढें पसरलेल्या बॉयलरामुळें ड्रायव्हरास पलीकडची बाजू नीट दिसत नसे. शिवाय ती जागा म्हणजे ड्रायव्हरकीची शाळाच. वर्षानुवर्षें फावडें मारावें, तेव्हां कोठें उजव्या बाजूची बैठक मिळावयाची!

यार्डांत मात्र हें इंजिन फार खर्चाचें. घटकाभर वाघिणी ढकलाव्या आणि पुढें तासभर स्वस्थ उभें राहावें, असें तेथील काम. पण उभ्या इंजिनाचीहि आग जिवंत ठेवावीच लागे. डिझेलला हा जाच नाहीं. म्हणून डिझेलचा पहिला शिरकाव डौलदार मेलगाड्यांना ओढण्यासाठीं न होतां शंटिंगसाठीं झाला. १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील एका यार्डांत असें इंजिन कामास लागलें होतें.

जेथें आगच नाहीं, तेथें फायरमननें करावें काय? मंदीच्या वर्षांत हजारों रेल्वेकामगार घरीं बसले होते, तेव्हां हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता. फायरमन मंडळींची जुनी संघटना हट्टास पेटली, आणि १९३७ सालीं कंपन्यांशीं करार झाला : चालक चाकांवर ९०,००० पौंड किंवा त्याहून अधिक भार असलेल्या डिझेल इंजिनावर फायरमन असलाच पाहिजे. त्याहून हलकें असेल तर एकटा ड्रायव्हर पुरे.

आतां अमेरिकन टन २,००० पौंडांचा. चव्वेचाळीस टन म्हणजे ८८,००० पौंड. मर्यादेच्या आंत अवघे दोन हजार! (आपल्या परिचयाचा इंग्लिश टन २,२४० पौंडांचा, त्या मापानें हें इंजिन चाळीस टनांचेंहि भरत नाहीं.) चारहि आंस चालक असल्यानें सर्व वजन त्यांवरच पडे, म्हणून काटा इतका जपावा लागला. मध्यें ड्रायव्हरची खोली, दोहों बाजूंस ठेंगणे भाग, प्रत्येकांत एक डिझेल यंत्र व त्यास जोडलेलें जनित्र. दोन्हींची मिळून शक्ति साडेतीनशें ते चारशें अश्वशक्तीच्या दरम्यान. ड्रायव्हरला दोन्ही दिशांस दिसे. फायरमनच्या डोळ्यांची उणीव अशी कांहींशी भरून निघाली. व्हिटकोम्ब, डॅव्हनपोर्ट, पोर्टर या कारखान्यांनींहि चव्वेचाळीस टनांचींच इंजिनें काढलीं, यावरून या आंकड्याची महती कळून येते.

कंपन्या म्हणत, हें रिकाम्या माणसाला पोसणें आहे. संघटना म्हणे, दुसरे दोन डोळे म्हणजे सुरक्षितता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें, पण भाकरीचा प्रश्न दोन्हींच्या तळाशीं होता, हें कोणी फारसें उघड बोलत नसे. शिवाय हा लाभ फुकटचा नव्हता. हलक्या इंजिनाची पकडहि हलकी. वाघिणींची लांब रांग त्याला ओढवत नसे. दोन यंत्रें म्हणजे दुरुस्तीहि दुप्पट. लहान यार्डें आणि आडवळणाचे फांटे हेंच त्याचें क्षेत्र राहिलें.

याच कंपनीनें बांधलेलीं डब्ल्यूडीएस-१ जातीचीं शंटिंग इंजिनें १९४४-४५ च्या सुमारास हिंदुस्थानांतहि आलीं. पण येथें नव्वद हजारांचा तो करार नव्हता.

अमेरिकेंतील तंटा पुढें पंचवीस वर्षें धुमसत राहिला. संप होणार असें दिसतांच ऑगस्ट १९६३ मध्यें तेथील काँग्रेसनें कायदा करून तो लवादाकडे सोंपविला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लवादानें निर्णय दिला : मालगाड्यांवरील व यार्डांतील फायरमनच्या शेंकडा ९० जागा क्रमाक्रमानें रद्द करण्यास हरकत नाहीं. वजन चोरण्याचें कारणच मग उरलें नाहीं. जनरल इलेक्ट्रिकनें मात्र चव्वेचाळीस टनांचें इंजिन बांधणें १९५६ सालींच थांबविलें होतें.