टर्की, डबा आणि आमचं इंदापूर

बारामती-इंदापूरकडे कोंबडी डोळ्यांसमोर कापून मिळते. पुण्यात एकटा राहताना मला मात्र लो-फॅट म्हणून टर्कीचा डबा सोयीचा वाटतो. हा मूळचा अमेरिकन पक्षी आपल्याकडे तसा जुनाच! १६१२ मध्ये मुकर्रबखानाने तो गोव्याहून जहांगीरकडे नेला. मन्सूरने त्याचं चित्रही काढलं.

डब्याची युक्ती फ्रेंच अपेरची. अन्न बाटलीत बंद करून उकळायचं! १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. ते का टिकतं, हे पन्नासेक वर्षांनी पाश्चरमुळे कळलं. म्हणजे कोड आधी चालला, लॉजिक नंतर समजलं :)

पण बक्षीस होतं टिकण्याचं, तब्येतीचं नव्हे. चरबी कमी असते ती कातडी काढलेल्या छातीच्या मांसात. डब्यात वर मीठही बरंच असतं. तेव्हा मंडळी, गावाकडची ताजी, बिनकातडीची कोंबडीही तेच काम करते!