कांस्याचा आजार आणि मद्रासची प्रयोगशाळा

चोळकालीन कांस्यमूर्तीच्या खांद्यावर किंवा पीठाच्या कडेला एखाद्या पावसाळ्यानंतर फिकट हिरव्या भुकटीचा लहानसा ठिपका दिसू लागतो. बोट लावले तर भुकटी बोटाला लागते आणि खाली सूक्ष्म खळगा उरतो. काही महिन्यांनी ठिपक्याची संख्या वाढलेली असते. शतकानुशतके जमिनीखाली टिकून राहिलेली मूर्ती संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात, सर्वांच्या डोळ्यांदेखत झिजू लागते. धातुशास्त्रात या विकाराला ‘कांस्यरोग’ असे नाव आहे. भारतातील संग्रहालयांत रसायनशास्त्राचा प्रवेश कसा झाला, याच्या इतिहासात या रोगाचे स्थान मोठे आहे.

दक्षिण भारतात मधूच्छिष्ट पद्धतीने, म्हणजे मेणाचा साचा वितळवून ओतलेल्या मूर्तींची परंपरा चोळकाळात कळसाला पोहोचली. संकटकाळी अनेक देवळांतील मूर्ती जमिनीत पुरल्या गेल्या. पुढे शेत नांगरताना वा पाया खणताना त्या सापडत. १८७८ च्या भूमिगत निधीविषयक कायद्यामुळे अशा वस्तू सरकारला कळवणे बंधनकारक झाले आणि त्यांपैकी कित्येक १८५१ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या सरकारी संग्रहालयात येऊन पोहोचल्या. मूर्तीबरोबर एक अदृश्य गोष्टही येत असे. ती म्हणजे मातीतील क्षार.

क्षारयुक्त मातीतील क्लोराइड हळूहळू धातूत शिरते आणि वरच्या हिरव्या-तपकिरी थरांच्या खाली क्युप्रस क्लोराइडच्या रूपात दडून बसते. जमिनीखाली प्राणवायू कमी असतो. तोवर ते शांत असते. मूर्ती उघड्या हवेत आली की ओलावा आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत पोहोचतात. क्युप्रस क्लोराइडपासून फिकट हिरवे क्षारक क्लोराइड तयार होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळे होते. हे आम्ल निरोगी तांब्यावर तुटून पडते, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनते आणि चक्र फिरत राहते. नवा पदार्थ अधिक जागा व्यापतो, म्हणून पृष्ठभाग आतून फुटू लागतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे ज्ञान घराघरांतले आहे. येथे आम्ल बाहेरून येत नाही, धातूच्या पोटातच तयार होते, एवढाच फरक. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांच्या खाली ठेवली तर ही क्रिया जवळजवळ थांबते. समुद्रकाठच्या मद्रासमध्ये ते स्वप्नच होते.

संग्रहालयातील वस्तूंची चिकित्सा प्रयोगशाळेत करावी, हा विचार त्या काळी जगातही नवा होता. १८८८ मध्ये बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांत फ्रीडरिश राथगेन या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला जाग आली ती पहिल्या महायुद्धानंतर. हल्ल्यांच्या भीतीने भुयारांत हलवलेल्या वस्तू परत आल्या तेव्हा लोखंड गंजले होते आणि कांस्यावर हिरवे डाग फुटले होते. अलेक्झांडर स्कॉट यांच्या मार्गदर्शनाखाली १९२० मध्ये तेथे प्रयोगशाळा सुरू झाली.

भारत या वाटेवर फार मागे नव्हता. १९१७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात मोहम्मद सनाउल्लाह यांची पुरातत्त्व-रसायनशास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती झाली. त्यांची प्रयोगशाळा पुढे देहरादूनला गेली आणि मोहेंजोदडोच्या उत्खननातील तांबे-कांस्याच्या वस्तूंची विश्लेषणे त्यांनी केली. तथापि ते काम उत्खनन खात्याचे होते. संग्रहालयाच्या स्वतःच्या भिंतींमध्ये, संग्रहातील वस्तूंसाठी चालणारी प्रयोगशाळा १९३० मध्ये मद्रासला उभी राहिली. फ्रेडरिक ग्रेव्हली तेव्हा संग्रहालयाचे अधीक्षक होते. प्रयोगशाळेची धुरा एस. परमशिवन या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. त्याच काळात, १९३२ मध्ये, ग्रेव्हली आणि टी. एन. रामचंद्रन यांनी संग्रहातील धातुमूर्तींची सूची प्रसिद्ध केली. एका खोलीत मूर्तींची शैली व काळ यांचा निर्णय होत होता आणि दुसऱ्या खोलीत त्या मूर्ती उद्यापर्यंत टिकाव्यात म्हणून धडपड चालली होती.

परमशिवन यांनी कांस्यरोगावर विद्युत-अपघटनाचा उपाय योजला. या पद्धतीचे तत्त्व शालेय विज्ञानाच्या पुस्तकातले आहे. मूर्तीला तारेने जोडून कॉस्टिक सोड्याच्या विरल द्रावणात बुडवतात आणि ऋण टोकाशी जोडतात. लोखंडी पत्रा धन टोकाशी असतो. एकदिश प्रवाह सुरू केला की मूर्तीभोवती हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, गंजलेल्या थरांचे क्षपण होते आणि ऋणप्रभारित क्लोराइड आयन मूर्तीपासून दूर ओढले जातात. द्रावण वारंवार बदलावे लागते. शेवटी त्याचा नमुना नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. पांढरा गढूळपणा आला तर क्लोराइड अजून बाहेर येत आहे. द्रावण स्वच्छ राहिले तर रोग आटोक्यात आला. मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे आणि काळजीपूर्वक वाळवणे.

या उपचाराने मरणपंथाला लागलेल्या मूर्ती वाचल्या. मातीच्या कठीण पापुद्र्यांखाली लपलेले दागिने, वस्त्रांच्या चुण्या, बोटांची ठेवण पुन्हा दिसू लागली. मात्र या यशाला एक किंमत होती आणि ती पुढच्या पिढीला अधिक स्पष्टपणे कळली. गंजाचा थर म्हणजे केवळ मळ नसतो. मूर्तीचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा त्या थरांच्या आतच, एखाद्या पुसट रेषेसारखा जपलेला असतो. वस्तूला कधीकाळी चिकटलेल्या कापडाची वीण, जवळच्या मातीचे कण, पुरल्या जागेचे रासायनिक ठसे हे सारे त्याच थरात असतात. विद्युतप्रवाह रोगट क्लोराइड आणि हा पुरावा यांत भेद करीत नाही. एकदा थर उतरला की तो परत चढवता येत नाही.

अजिंठ्याचा अनुभव याच जातीचा होता. १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजामाच्या निमंत्रणावरून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी तेथील भित्तिचित्रांची डागडुजी केली. सुटू लागलेले रंगथर त्यांनी भिंतीला पुन्हा पक्के केले, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे आवरण काळाने पिवळे पडले, काळवंडले, आणि ते उतरवण्यात पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांची दशके गेली.

अशा अनुभवांतून संवर्धनशास्त्राची आजची आचारसंहिता घडली. हस्तक्षेप कमीत कमी असावा. वापरलेले द्रव्य शक्यतो पुढे काढता यावे. आणि केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद राहावी. १९६७ मध्ये मॅडसन या संवर्धकाने कांस्यासाठी बेंझोट्रायाझोल सुचवले. ते तांब्याशी संयोग पावून संरक्षक पापुद्रा तयार करते आणि मूळ थर बहुतांशी जागच्या जागी राहतो. ते द्रव्य विषारी असल्याने हातमोजे आणि हवेशीर जागा आवश्यक असते, आणि खोलवरच्या क्लोराइडपुढे तेही कधी अपुरे पडते. म्हणून सर्वांत सौम्य उपचार आजही कोरडी हवा हाच आहे: बंद पेटी, सिलिका जेल आणि आर्द्रतेवर सतत लक्ष.

परमशिवन यांचे कुतूहल धातूपुरते थांबले नाही. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, नंतरच्या चित्रांच्या थराखाली चोळकालीन चित्रे आढळली. त्या चित्रांचा गिलावा, चुना आणि रंगद्रव्ये परमशिवन यांनी तपासली; अजिंठ्याच्या चित्रतंत्राचाही अभ्यास केला. पुढे ते पुरातत्त्व खात्यात रसायनशास्त्रज्ञ झाले.

सनाउल्लाह आणि परमशिवन यांच्या पिढीला हे शास्त्र काम करता करताच शिकावे लागले. औपचारिक शिक्षणाची वाट नंतर तयार झाली. १९७६ मध्ये ओ. पी. अग्रवाल यांच्या पुढाकाराने लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तेथे प्रशिक्षणही सुरू झाले. दिल्लीत १९८९ पासून नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूटमध्ये या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. वस्तुसंवर्धक होऊ पाहणाऱ्याला क्षरणाचे रसायनशास्त्र, कलेचा इतिहास आणि सूक्ष्मदर्शकाखाली न थरथरणारा हात, तिन्ही कमवावे लागतात. क्ष-किरण चित्र पाहून ओतकामातील पोकळी ओळखणे जितके आवश्यक, तितकेच शस्त्र खाली ठेवण्याची वेळ ओळखणेही.

मद्रासच्या त्या प्रयोगशाळेचे मूल्यमापन आजच्या कसोटीवर करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. १९३० साली पर्याय दोनच होते: थर गमावून मूर्ती वाचवणे, किंवा थरासह मूर्तीची भुकटी होताना पाहणे. परमशिवन यांनी पहिला निवडला, म्हणून अभ्यासायला मूर्ती उरल्या. आजच्या संवर्धकाच्या हाती अधिक पर्याय आहेत. ते वापरताना त्याने आपली नोंदवही स्पष्ट अक्षरांत लिहावी, हे उत्तम. शंभर वर्षांनी कोणीतरी ती उघडेल, आणि त्याचे काम परत उलटवण्याची गरज त्याला बहुधा पडलेली असेल.