हवेचा दाब आणि विट्याचे पाणी

सांगली जिल्ह्यातील विटा परिसरात उन्हाळा वाढू लागला की विहिरींची पातळी खाली जाते. काठावरची मोटार चालू असते, वीजही असते, विहिरीच्या तळाशी पाणीही दिसते. मात्र पाइपातून धार येत नाही. अशा वेळी अधिक अश्वशक्तीची मोटार आणूनही उपयोग होत नाही. शेवटी मोटार विहिरीत खाली उतरवावी लागते. या खटाटोपामागचे कारण पंपात नसून आपल्या डोक्यावरील वातावरणात आहे.

दाब म्हणजे काय?

हवेला वजन असते. गुरुत्वाकर्षणामुळे पृथ्वीला वेढून राहिलेल्या हवेचा जो स्तंभ एखाद्या जागेवर उभा असतो, त्याचा भार म्हणजे त्या जागेचा वातावरणीय दाब होय. समुद्रसपाटीवर तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो इतका असतो. आपल्या तळहातावर त्यामुळे जवळजवळ ऐंशी ते शंभर किलोंचा भार पडतो. तो जाणवत नाही, कारण हवा सर्व बाजूंनी सारखीच दाबत असते आणि शरीरातील द्रवांचा दाब तिला तोलून धरतो.

सतराव्या शतकात इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने हा दाब दाखवून दिला. हवा नळीतील पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटीमीटरपर्यंत तोलून धरते. पाऱ्याऐवजी पाणी घेतल्यास हीच उंची सुमारे १०.३ मीटर भरते.

पाणी चढते कसे?

काठावरचा पंप पाणी ओढून घेतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप फक्त आपल्या पाइपातील दाब कमी करतो. विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर दाबणारी बाहेरची हवा ते पाणी पाइपात वर ढकलते. पाइपात संपूर्ण निर्वात पोकळी निर्माण केली तरी हवेची ताकद १०.३ मीटरलाच संपते. मोटार कितीही मोठी असली तरी ही मर्यादा बदलत नाही.

विट्यात तर ती आणखी कमी आहे. उंचावर गेल्यास डोक्यावरची हवा कमी होते व दाब उतरतो. हवा दाबली जाणारी असल्याने तिचा निम्मा भाग भूपृष्ठापासून साडेपाच किलोमीटरच्या आतच सामावलेला आहे. विटा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील दाब सुमारे ९४० हेक्टोपास्कल भरतो आणि पाण्याची मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. पाइपातील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा आणि पाण्याची वाफ यांमुळे प्रत्यक्षात सहा-सात मीटरपलीकडे भरवसा धरता येत नाही. पाणी त्याखाली गेले की मोटार खाली न्यावीच लागते.

दुष्काळातही दाबाचा वाटा

या विहिरी खोल जाण्याचे एक मूळही हवेच्या दाबातच आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीवर चढतात. महाबळेश्वरच्या उंचीवर दाब ८६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. कमी दाबात हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलकण होऊन ढग बनतात व घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पुढे पूर्वेकडे उतरताना हीच हवा वाढत्या दाबाखाली आक्रसते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअस या प्रमाणात तापते. तापलेल्या हवेतील ढग विरू लागतात. घाटमाथ्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या विट्याच्या वाट्याला त्यामुळे त्या पावसाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

ओढण्याऐवजी ढकलणे

यावरचा उपाय म्हणजे पाणी खालून ढकलणे. पाण्यात बुडालेला पंप हवेवर अवलंबून राहत नाही. मोटारीच्या शक्तीनुसार तो पाणी कितीही उंच चढवू शकतो. म्हणूनच शेकडो फूट खोल कूपनलिकांत पाणबुडी पंप चालतात. कराड तालुक्यात कृष्णेवर उभारलेल्या टेंभू उपसा सिंचन योजनेतही याच तत्त्वाने, प्रचंड पंपांच्या जोरावर, टप्प्याटप्प्याने पाणी खानापूर-आटपाडीच्या माळरानाकडे चढवले जाते. तेथे खर्च होते ती वीज; हवेकडून फुकट मिळणारी मदत दहा मीटरच्या आतच संपलेली असते.

पाणबुडी पंप आल्याने एक जुना अडसर दूर झाला खरा. परंतु त्याबरोबर एक इशाराही नाहीसा झाला. काठावरची मोटार पाणी सोडू लागली की पातळी खालावल्याचे शेतकऱ्याला तत्काळ कळे. खोल कूपनलिकेत ते कळते तेव्हा तळ जवळ आलेला असतो. म्हणून पर्जन्यछायेच्या गावांनी दर हंगामात विहिरींची पातळी मोजून मगच पिकाचे नियोजन करणे हिताचे ठरते.