सर्व्हर कुठे ठेवावा आणि तो सांभाळणार कोण

व्यवसायाचे सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यावे की आपल्याच आवारातल्या सर्व्हरवर ठेवावे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी जुना सर्व्हर थकल्यावरच विचारला जातो. तेव्हा हाताशी वेळ नसतो. दोन कोटेशने शेजारी ठेवायची, शेवटचा आकडा पाहायचा आणि सही करायची, असा निर्णय होतो. ही पद्धत मला घातक वाटते. कोटेशनमध्ये यंत्राची किंमत असते. ते यंत्र उद्यापासून कोण सांभाळणार हे त्यात नसते, आणि खरी निवड त्यावरच ठरते.

विवेचनासाठी एक नमुना घेऊ. भोसरी एमआयडीसीतला सुट्या भागांचा कारखाना. ईआरपीवर चाळीस माणसे, हिशेबाला टॅली, फाटकावर हजेरीचे यंत्र आणि सगळ्यांचे ई-मेल.

‘क्लाउड’ या एका नावाखाली दोन निराळे व्यवहार चालतात. पहिल्यात आपण यंत्र भाड्याने घेतो. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये ही सेवा सुरू केली. मायक्रोसॉफ्टची भारतातली केंद्रे २०१५ मध्ये आली, त्यांतले एक पुण्यात. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मधले. दुसऱ्या व्यवहारात तयार सॉफ्टवेअरच भाड्याने मिळते, जसे झोहोचे हिशेबाचे सॉफ्टवेअर. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. पहिल्या प्रकारात इमारत, वीज, डिस्क आणि नेटवर्क कंपनी पाहते. पण ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत ठेवणे, फायरवॉल, पासवर्ड, बॅकअप हे सारे आपल्याकडेच राहते. ‘क्लाउडवर टाकले, आता बॅकअपची चिंता नाही’ असे म्हणणाऱ्याने बहुधा करार वाचलेला नसतो.

आता खर्च. सर्व्हर चार लाखांचा धरू आणि पाच वर्षे वापरू; महिन्याला साधारण ६,७०० रुपये पडले. असे यंत्र सरासरी ३०० वॉट खात असेल, तर अखंड चालून वर्षाला २,६२८ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला २,२०० रुपये, एसी वेगळा. त्यावर यूपीएसच्या बॅटऱ्या, वॉरंटी संपल्यावरचे एएमसी आणि विंडोज सर्व्हरचा परवाना. शेवटी माणूस. चाळीस हजार पगाराच्या माणसाचा पाव वेळ जरी या कामात गेला, तरी महिन्याचे दहा हजार झाले. म्हणजे घरच्या सर्व्हरवरचा सर्वांत मोठा खर्च यंत्राचा किंवा विजेचा नाही, माणसाचा आहे, आणि नेमका तोच कोटेशनच्या तुलनेत कुठे दिसत नाही.

या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सर्व्हर एकाचे चार झाले म्हणून सांभाळणारी माणसे चार लागत नाहीत. काम जितके मोठे आणि स्थिर, तितकी स्वतःची यंत्रणा स्वस्त पडत जाते. ड्रॉपबॉक्सने आपल्या ग्राहकांच्या फायली अ‍ॅमेझॉनवरून काढून स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये नेल्या, तेव्हा २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत त्यांचे सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचले. बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्सनेही २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचे जाहीर केले. ही उदाहरणे आपल्याकडे फार सहज दिली जातात. या कंपन्यांकडे सर्व्हर चालवणारे अभियंते आधीपासून होते. भोसरीच्या कारखान्यात तसा एक जरी असला तरी पुष्कळ.

उलट भार एकदम चढणारा आणि उतरणारा असेल, तर क्लाउडला तोड नाही. दहावीचा निकाल दुपारी लागतो, पहिल्या तासाभरात संकेतस्थळावर झुंबड उडते आणि मग वर्षभर फारसे कुणी फिरकत नाही. त्या एका दुपारसाठी यंत्रे विकत घेणे म्हणजे उधळपट्टी. कारखान्याच्या ईआरपीचा भार मात्र सोमवारी जितका तितकाच शनिवारी. त्याला लवचीकतेचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खंड पडण्याचा विचार जरा बारकाईने करावा लागतो. क्लाउडवाले ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी देतात, तेव्हा वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा त्यांनी आधीच घेतलेली असते. हमी मोडली तर बिलात सूट मिळते. बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळत नाही. स्वतःच्या सर्व्हरची बाजू घेणारे म्हणतात, ‘नेट गेले तरी आमचे काम चालते.’ हे अर्धेच खरे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. पोर्टलवरून बिलाचा नोंदणी क्रमांक (आयआरएन) आल्याशिवाय बिल वैध नाही. ई-वे बिलही ऑनलाइनच. नेट गेले तरी शॉप फ्लोअरच्या नोंदी, स्टोअरचा साठा, जॉब कार्ड सगळे चालू राहते. पण माल भरलेला टेम्पो फाटकातच उभा राहतो. तेव्हा सर्व्हर कुठेही असो, दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्याव्याच लागतात, आणि त्या एकाच खांबावरून आलेल्या नसाव्यात.

आता बॅकअप. माझ्या मते सर्व्हरच्या जागेपेक्षा बॅकअपची जागा अधिक महत्त्वाची आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच टेबलावरची बॅकअपची हार्ड डिस्क अशा पुरात एकदमच जातात. क्लाउडवर हा धोका टळतो असे नाही. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमधले ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची मांडणी चुकून पुसली गेली. वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपमुळे ती परत उभी करता आली.

मर्स्क या जहाज कंपनीची घटना तर प्रत्येक मालकाने अभ्यासावी. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने त्यांची जगभरची यंत्रणा पुसली. न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतले त्यांच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. लॉगिनची मूळ नोंद ठेवणारे त्यांचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी सतत जुळते राहत, म्हणून ते सारे एकाच तडाख्यात गेले. घानातल्या कार्यालयात वीज गेल्यामुळे एक सर्व्हर बंद पडला होता. तेवढा वाचला आणि त्यावरून सारे पुन्हा उभे राहिले. एकमेकांशी आपोआप जुळणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. निदान एक प्रत नेटवर्कपासून तुटलेली हवी.

कायद्यानेही निवडीला काही कुंपणे घातली आहेत. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे. हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणे २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा आणि १८० दिवसांचे लॉग जपायचे. परदेशी सर्व्हरवरचे स्वस्त सॉफ्टवेअर घेताना हे आधी विचारावे.

बाहेर पडण्याची वाटही सही करण्यापूर्वीच पाहून ठेवावी. क्लाउडमध्ये डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. भाड्याच्या सॉफ्टवेअरमधून नुसत्या एक्सेलच्या शीट मिळणार की जोडलेल्या बिलांसह संपूर्ण डेटाबेस, हे लेखी घ्यावे.

आपल्या कारखान्यापुरता माझा निर्णय स्पष्ट आहे. ई-मेल आणि हजेरी भाड्याच्या सॉफ्टवेअरवर द्यावी. ती घरी चालवण्यात काहीच हशील नाही. ईआरपी आणि टॅली आवारातच ठेवावी, पण सर्व्हर जाणणारा माणूस आणि तो रजेवर असताना येणारा दुसरा माणूस ठरलेला असेल तरच. नसेल तर ईआरपी क्लाउडवर जाऊ द्या आणि तिथली जबाबदारी नाव घालून एखाद्या जाणकार एजन्सीकडे सोपवा. सर्व्हर घरी असेल तर बॅकअप भारतातल्या क्लाउडवर, सर्व्हर क्लाउडवर असेल तर रोजची एक प्रत भारतातल्याच दुसऱ्या पुरवठादाराकडे; आणि दोन्हींत नेटवर्कपासून तोडून ठेवलेली एक प्रत आपल्या ताब्यात. कोणतेही कोटेशन मागवण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी आजचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून ईआरपी चालू करून पाहा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. विक्रेत्याशी बोलणी त्या आकड्यापासून सुरू करा.